तो फोन तुम्ही करायला नको होता

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी टी.वाय.बी.एस्सी. केमिस्ट्रीला, गेल्या सेमिस्टरला ६१ टक्के. रोह्याजवळच्या धाटाव एमआयडीसीतल्या एका लॅबने परीक्षेनंतर वर्षभराच्या अप्रेंटिसशिपला बोलावलं, आणि तुम्ही तिला न विचारता फोन करून 'ती येणार नाही' असं कळवून टाकलंत. आता मला विचारताय, एमबीए की एमपीएससी?

६१ टक्क्यांचं काही वाटलं नाही, त्या फोनचं वाटलं. ती दोन दिवस नीट जेवली नाही, हे तुम्हीच लिहिलंय. पुढच्याच ओळीत 'वय आहे, विसरेल' असंही. नाही विसरणार. फार तर तुम्हाला काही सांगायचं बंद करेल. तिला काय हवंय, ते अख्ख्या पत्रात एकदाच येतं: 'तिला म्हणे त्या मशीनवर काम करायचंय.' तो 'म्हणे' मला खटकला.

'मशीनच सगळं सांगतं, ही नुसतं बटण दाबणार,' हे तुमचं म्हणणं तर साफ चूक. समजा, पीव्हीसीच्या खेळण्यात शिसं किती, ते शोधायचंय. धातूंचं प्रमाण मोजणाऱ्या आयसीपी यंत्राला द्रावण लागतं. नवख्याने तुकडा मफल फर्नेसमध्ये, म्हणजे लॅबमधल्या भट्टीत, जाळून राख आम्लात विरघळवली, तर पीव्हीसीतल्या क्लोरीनमुळे शिशाचं क्लोराइड होतं आणि बरंच शिसं धुराबरोबर उडून जातं. यंत्राची चूक काहीच नसते. त्याच्यापुढे आलेल्या द्रावणातलं शिसं ते दशांशासकट सांगतं. रिपोर्ट पास होतो, आणि खेळणं कुणाच्या तरी लेकराच्या तोंडात जातं. म्हणून सॅम्पल बंद भांड्यात आम्लाबरोबर तापवून विरघळवायचं (डायजेस्ट करायचं), शिशाचं प्रमाण आधीच माहीत असलेला नमुना सोबत चालवून पडताळायचं. कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन आणि गंधक मोजणाऱ्या सीएचएनएस यंत्राला तर दोन-तीन मिलिग्रॅमच प्लास्टिक लागतं. २५ किलोच्या गोणीतलं नेमकं कुठलं उचलायचं, हे माणसानेच ठरवायचं असतं. तुमच्या मुलीला हेच शिकायचंय.

पुढे जॅम ही आयआयटीची प्रवेश परीक्षा देऊन किंवा विद्यापीठातून एम.एस्सी., नाहीतर सिपेट या केंद्र सरकारच्या प्लास्टिक संस्थेचा प्लास्टिक प्रोसेसिंग-टेस्टिंगचा डिप्लोमा. सुरुवातीचा पगार कमीच असेल, हे लपवत नाही.

'केमिकलमध्ये पोरगी नको' हे तुम्ही अगदी शेवटी लिहिलंत. मला वाटतं, खरं कारण तेच, आणि ही भीती रास्त आहे. मग जाऊन बघा ना! विषारी वाफा बाहेर ओढणारा फ्यूम हूड चालू असतो का? हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरतात का, आणि वापरत असतील तर ते अंगावर सांडलं तर लावायचं कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हाताशी असतं का? रात्रपाळी आहे का? तिला घेऊन जा, आणि प्रश्न तिलाच विचारू द्या.

त्याआधी, आज संध्याकाळीच, फोन केला ही चूक झाली असं तिला सांगा. मग लॅबला तिनेच फोन करावा. जागा भरली असेल तर रोह्यापासून महाडपर्यंत लॅब आहेत. पुढच्या अर्जावर नंबर तिचा असू द्या.