‘जगभर’ या शब्दात रत्नागिरी येते का?

वाचकांचे प्रश्न

नव्या गेमिंग कन्सोलची, म्हणजे व्हिडिओ गेम खेळण्याच्या यंत्राची, चर्चा सुरू झाली की या सदराकडे येणाऱ्या बहुतेक पत्रांत एकच प्रश्न असतो : तारीख कोणती? या खेपेस रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या वाचकांनी तारखेमागची कारणेही विचारली आहेत, म्हणून सगळे सदर त्याच विषयाला दिले आहे. जागेअभावी पत्रे थोडी आटोपती घेतली आहेत.

प्रश्न : कन्सोल ‘जगभर एकाच वेळी’ येणार असे जाहिरातीत म्हणतात. आमच्या इथल्या दुकानदाराला तारीख विचारली, तर तो म्हणाला, “जगात येईल तेव्हा येईल, आपल्याकडे गणपतीनंतर बघू.” मग ‘जगभर’ म्हणजे नेमके कुठे? (महाविद्यालयीन विद्यार्थी, रत्नागिरी)

उत्तर : आपला दुकानदार अनुभवी दिसतो. कंपन्यांच्या भाषेत ‘जगभर’ म्हणजे देशांची एक यादी असते, आणि ती यादी जाहिरातीच्या तळाशी, डोळे बारीक करून वाचावी लागेल अशा अक्षरांत छापलेली असते. पूर्वी एवढाही आव कोणी आणत नसे. सोनी या जपानी कंपनीचा प्लेस्टेशन 2 जपानमध्ये 4 मार्च 2000 रोजी विक्रीस आला, अमेरिकेत 26 ऑक्टोबरला आणि युरोपात 24 नोव्हेंबरला. म्हणजे टोकियोतला मुलगा खेळून कंटाळला असेल, तेव्हा लंडनमधल्या मुलाला खोके मिळाले. आधी स्वतःच्या देशात विकायचे, कारखान्याचा वेग वाढला की पुढच्या बाजारात जायचे, अशी ती रीत होती.

ही रीत मोडण्याचा पहिला मोठा प्रयत्न मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स 360 च्या वेळी केला. 22 नोव्हेंबर 2005 रोजी अमेरिका, 2 डिसेंबरला युरोप आणि 10 डिसेंबरला जपान, असे तिन्ही मोठे बाजार तीन आठवड्यांत उरकले. भारतात मात्र तो कन्सोल सप्टेंबर 2006 मध्ये पोहोचला. पुढच्या वर्षी सोनीलाही प्लेस्टेशन 3 बाबत हेच साधायचे होते, परंतु त्यातील ब्लू-रे डिस्क वाचणाऱ्या निळ्या लेसरचे डायोड पुरेसे तयार होईनात. जपान आणि अमेरिकेला नोव्हेंबर 2006 मध्ये थोडा थोडा माल मिळाला आणि युरोपची तारीख 23 मार्च 2007 पर्यंत पुढे गेली. नखाएवढ्या सुट्या भागाने एका अख्ख्या खंडाचा नाताळ कोरडा घालवला, असे म्हणण्यास हरकत नाही.

कधी अडथळा भाषेचाही असतो. एक्सबॉक्स वन 2013 च्या नोव्हेंबरात 21 देशांत आणण्याचे जाहीर झाले होते. तोंडी आज्ञा ऐकणारी त्याची यंत्रणा त्या त्या देशाच्या भाषेत तयार करण्यास वेळ लागला आणि यादी 13 देशांवर आली. भारत त्या 21 मध्येही नव्हता. आपल्याकडे तो 23 सप्टेंबर 2014 रोजी आला.

2020 सालची गोष्ट आपल्याला आठवत असेल. एक्सबॉक्सचे सिरीज एक्स आणि सिरीज एस हे दोन्ही कन्सोल 10 नोव्हेंबरला अनेक देशांत आले आणि त्या यादीत पहिल्याच दिवशी भारत होता. प्लेस्टेशन 5 अमेरिका, जपान आणि आणखी काही देशांत 12 नोव्हेंबरला, तर ‘उर्वरित जगात’ 19 नोव्हेंबरला आला. त्या उर्वरित जगातूनही आपण उरलोच. भारतातील विक्री 2 फेब्रुवारी 2021 रोजी, 49,990 रुपयांना सुरू झाली. जानेवारीतील आगाऊ नोंदणी काही मिनिटांतच संपली होती.

एक गंमत सांगण्याचा मोह आवरत नाही. मुंबईकडच्या बाजारासाठी समुद्रमार्गे येणारा असा माल साधारणपणे न्हावाशेवा बंदरात उतरतो. ते बंदर उरण तालुक्यात, म्हणजे आपल्याच रायगड जिल्ह्यात आहे. तिथून कंटेनर भिवंडीकडच्या गोदामांत जातो आणि मग तेच खोके पुन्हा दक्षिणेकडे, मुंबई-गोवा महामार्गाने, आपल्या दुकानदाराकडे येते. कन्सोल कोकणात सर्वांत आधी येतो, मिळतो मात्र सर्वांत शेवटी.

प्रश्न : प्लेस्टेशन 5 प्रो 2024 मध्ये परदेशात आला, तेव्हा भारताला वगळले होते. पैसे देणारे गिऱ्हाईक असताना कंपनी असे का करते? (पदविका अभियांत्रिकीचा विद्यार्थी, चिपळूण)

उत्तर : आपण अभियांत्रिकी शिकत असल्यामुळे हे उत्तर आपल्याला आवडेल, कारण या वेळी दोष गिऱ्हाइकाचाही नव्हता आणि कंपनीच्या मर्जीचाही फारसा नव्हता. तो कन्सोल 7 नोव्हेंबर 2024 रोजी आला आणि त्यात वाय-फाय 7 ची सोय होती. हे तंत्र 6 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील लहरी वापरते. आपल्याकडे बिनतारी लहरींचा कोणता पट्टा कोणी वापरायचा हे सरकार ठरवते, आणि घरगुती वाय-फायसाठी तो पट्टा तेव्हा खुला केलेला नव्हता. याच कारणाने काही देशांत, आणि त्यांत भारतात, हा कन्सोल मिळणार नाही, असे सोनीने स्पष्टपणे जाहीर केले होते.

कोणताही कन्सोल भारतात विकायचा तर त्याला अशा अनेक दारांतून जावे लागते. व्हिडिओ गेमची उपकरणे सक्तीच्या नोंदणी आदेशाखाली येतात. म्हणजे त्यांची सुरक्षाचाचणी होऊन भारतीय मानक ब्युरोकडे नोंदणी व्हावी लागते. त्यात वाय-फाय आणि ब्लूटूथ असल्यामुळे दूरसंचार विभागाच्या बिनतारी शाखेची मान्यता वेगळी घ्यावी लागते. त्यानंतर सीमाशुल्क भरायचे आणि 18 टक्के वस्तू व सेवा कर लावायचा. हा कर 2018 च्या अखेरपर्यंत 28 टक्के होता आणि 1 जानेवारी 2019 पासून खाली आला, एवढीच काय ती सुखाची बाब. यांतील कोणतीही गोष्ट अशक्य नाही. परंतु कागद वेळेवर सादर करायचे तर कंपनीला भारताची आठवणही वेळेवर व्हावी लागते, आणि माल कमी असेल त्या वर्षी ती उशिरा होते.

म्हणून तारखेचा अंदाज बांधताना अफवांपेक्षा या नोंदण्यांकडे पाहावे, असे माझे मत आहे. भारतीय मानक ब्युरोकडे नोंद दिसली, तर माल येण्याची शक्यता खरी धरावी. “माझा मित्र कंपनीत आहे” असे सांगणाऱ्यांकडून मला आजवर एकही तारीख बरोबर मिळालेली नाही.

प्रश्न : माझा मुलगा दहावीत आहे. हे कन्सोल नेहमी नोव्हेंबरातच का येतात? ऐन सहामाही परीक्षेच्या आणि दिवाळीच्या आगेमागे घरात वाद होतात. (एक गृहिणी, कुडाळ)

उत्तर : यात आपल्या दिवाळीचा काही संबंध नाही. अमेरिकेत नोव्हेंबरातील चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंगचा सण असतो, दुसऱ्या दिवशी, म्हणजे ब्लॅक फ्रायडेला, मोठी खरेदी होते आणि ती पुढे नाताळापर्यंत चालते. त्या गर्दीत आपले खोके मांडणीवर असावे, एवढाच हिशेब. अपवादही आहेत. निन्टेंडो कंपनीने स्विच हा कन्सोल 3 मार्च 2017 रोजी आणला आणि स्विच 2 हा 5 जून 2025 रोजी.

2020 मध्ये लक्ष्मीपूजन 14 नोव्हेंबरला होते, त्यामुळे एक्सबॉक्सची तारीख आपल्याकडे चार दिवस आधी, अगदी मुहूर्तावर पडली. हा योगायोग होता. पुढचा कन्सोल मार्च महिन्यात आला, तर आपल्या घरातील वाद दहावीच्या वार्षिक परीक्षेच्या वेळी होतील. त्यापेक्षा नोव्हेंबर बरा, असे मला वाटते.

प्रश्न : माझे भाऊ आखातात नोकरीला आहेत. तिकडे कन्सोल लवकर मिळतो. त्यांच्याकडून मागवावा का? (एक वाचक, दापोली)

उत्तर : आपल्या किनाऱ्यावर हा प्रश्न घरोघरी विचारला जातो, आणि माझे उत्तर स्वतःच्या चटक्यातून आलेले आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या मेहुण्यांनी सौदीतून एक कन्सोल आणला. बॅगेत खजुराची पाकिटे आणि दूध पावडरीचे डबे यांच्यामध्ये तो टॉवेलात गुंडाळून ठेवला होता. त्या काळी सौदीत 127 आणि 220 असे दोन्ही व्होल्टेज वापरात होते, आणि दुकानदाराने दिलेला माल अमेरिकेतील बाजारासाठी बनवलेला होता. ॲडॉप्टरच्या पाठीवर 110 व्होल्ट असे बारीक अक्षरात लिहिले होते, ते आम्ही कोणीच वाचले नाही. ओटीवरच्या प्लगमध्ये तो खुपसला, तिसऱ्या मिनिटाला जळका वास आला आणि आईने मेन स्विच बंद केला. कन्सोल वाचला, ॲडॉप्टर गेला. सेवा केंद्राने क्रमांक पाहून तो दुसऱ्या देशातला असल्याचे सांगितले आणि खोके परत आमच्या हातात दिले. शेवटी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर आणला. तो उचलायला कन्सोलपेक्षा जड होता.

आता एवढी भीती उरलेली नाही. आजच्या बहुतेक कन्सोलचा वीजपुरवठा 100 ते 240 व्होल्टपर्यंत चालतो, तरी पाठीवरचे अक्षर वाचल्याखेरीज प्लग लावू नये. जुन्या टीव्हीच्या काळात अमेरिका व जपानची पद्धत सेकंदाला 60 आवर्तनांची आणि आपली व युरोपची 50 ची होती. त्यामुळे तिकडचे अनेक खेळ इकडच्या आवृत्तीत सुमारे एक षष्ठांश संथ चालत. एचडीएमआय आल्यापासून तोही त्रास गेला.

जो त्रास उरला आहे तो कागदाचा आणि ऑनलाइन खात्याचा आहे. हमी साधारणपणे ज्या देशात वस्तू विकली त्या देशापुरती असते. प्लेस्टेशनच्या डिस्कचा प्रदेश आणि आपल्या खात्याचा प्रदेश वेगळा असेल, तर मूळ खेळ चालतो, पण त्याचे नंतर विकत घेतलेले जादा भाग चालत नाहीत. जपानमधून कोणी स्विच 2 आणणार असेल, तर विशेष जपून. तिथे 2025 मध्ये 49,980 येनला आलेली स्वस्त आवृत्ती फक्त जपानी भाषेत आणि जपानी खात्यावरच चालते. सर्व भाषांची आवृत्ती तेव्हा 69,980 येनला होती. ही वीस हजार येनची बचत घरी आल्यावर कोणालाच वाचता येत नाही. विमानतळावरच्या सवलतीची मर्यादा बदलत असते, ती भावांनी निघण्यापूर्वी पाहून घ्यावी आणि बिल हाताशी ठेवावे.

माझे मत विचाराल, तर भारतात तो कन्सोल चार महिन्यांत येणार असेल तर थांबावे. स्विच 2 सारखा, ज्याच्या पहिल्या यादीत भारत नव्हताच, असा कन्सोल हवा असेल तर मागवण्यास हरकत नाही. फक्त बिघडल्यास तो पुन्हा भावांबरोबरच परत जाईल, हे मनात धरून.

प्रश्न : आमचा मासेमारीचा ट्रॉलर आहे. जून-जुलैमध्ये बंदी असते, तेव्हा वेळ भरपूर असतो आणि पैसा नसतो. नवा कन्सोल आल्या आल्या घ्यावा, की नारळी पौर्णिमेनंतर, हाती पैसा आल्यावर? भाव तोवर उतरतो ना? (एक वाचक, मालवण)

उत्तर : पूर्वी उतरत असे. देवगडची पहिली पेटी वाशीला पोहोचते तेव्हाचा भाव आणि मे अखेरचा भाव यांत जे अंतर असते, तसेच कन्सोलचे होते. निन्टेंडोचा 3डीएस हा छोटा कन्सोल अमेरिकेत मार्च 2011 मध्ये 249.99 डॉलरला आला आणि ऑगस्टमध्ये 169.99 डॉलरवर आला. आधी घेतलेल्यांची समजूत काढायला कंपनीने त्यांना वीस जुने खेळ फुकट दिले. प्लेस्टेशन 3 ची स्वस्त आवृत्ती अमेरिकेत 499 डॉलरला सुरू झाली होती, 2009 मध्ये सडपातळ आवृत्ती 299 ला आली.

आता मात्र आंब्याचा हिशेब इथे लागू पडत नाही. प्लेस्टेशन 5 आपल्याकडे 49,990 रुपयांना आला आणि पुढे 54,990 झाला. अमेरिकेतही 2025 मध्ये सोनी आणि मायक्रोसॉफ्ट या दोघांनी जुन्याच कन्सोलचे भाव वाढवले. चिप बनवण्याचा खर्च पूर्वीसारखा घसरत नाही आणि आयातशुल्काची अनिश्चितता वाढली आहे. स्विच 2 ची अमेरिकेतील आगाऊ नोंदणी अशाच शुल्कवादामुळे 9 एप्रिलवरून 24 एप्रिल 2025 वर गेली होती.

तरीही पहिल्या महिन्यात घेऊ नये, याला भावाखेरीज दुसरे कारण आहे. पहिल्या खेपेतील उपकरणांचे दोष पहिल्या वर्षातच समजतात. तांबडे दिवे लागून एक्सबॉक्स 360 बंद पडण्याचा बिघाड इतका पसरला की मायक्रोसॉफ्टने जुलै 2007 मध्ये हमी तीन वर्षांची केली आणि त्यापोटी एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम बाजूला ठेवली. म्हणून आपण नारळी पौर्णिमेनंतरच घ्यावा. भाव उतरेल म्हणून थांबू नका. पैसा तेव्हा हातात असेल, दुकानात माल असेल आणि दोष असलाच तर तो दुसऱ्या कोणाच्या घरात उघडकीस आलेला असेल.

प्रश्न : विक्री मध्यरात्री सुरू होते म्हणतात, ती कुणाची मध्यरात्र? (एक विद्यार्थिनी, देवगड)

उत्तर : बहुधा त्या त्या देशाची. नोव्हेंबरात न्यूझीलंडमध्ये मध्यरात्र होते, तेव्हा आपल्याकडे आदल्या दिवशीचे दुपारचे साडेचार वाजलेले असतात. न्यूयॉर्कची मध्यरात्र आपल्या सकाळी साडेदहाला येते. इंटरनेटवरून विकले जाणारे खेळ मात्र कधी स्थानिक मध्यरात्री, तर कधी जगात एकाच क्षणी खुले होतात, म्हणून खेळाच्या पानावरची वेळ पाहावी. कन्सोलसाठी देवगडात मध्यरात्री जागू नये. आगाऊ नोंदणीच्या पानावर आधी आपला पिनकोड टाकून पाहावा. ‘या ठिकाणी घरपोच सेवा नाही’ असे उत्तर आले, तर मुंबईतील नातेवाइकाचा पत्ता द्यावा आणि खोके रात्रीच्या एसटीने पार्सल म्हणून मागवावे.