ज्यू धर्मपंडित रब्बेनू ताम यांची ओळख थोर भाष्यकार राशी यांचे नातू एवढीच का? ज्यू धर्मकायद्यावर त्यांचं स्वतःचं काही लिखाण आहे?

नाही हो, भरपूर आहे, आणि कित्येक ठिकाणी तर ते थेट आजोबांच्याच विरुद्ध आहे. तालमूदचं (ज्यू धर्मकायद्याच्या मूळ ग्रंथाचं) कुठलंही छापील पान बघा, आतल्या कडेला राशीचं भाष्य आणि बाहेरच्या कडेला 'तोसाफोत' म्हणजे नंतरच्या पंडितांच्या टिपा, त्यात सारखं 'रब्बेनू ताम म्हणतात' येतं. खरं नाव याकोव बेन मेईर, साधारण ११०० ते ११७१, राशीच्या लेकीचा मुलगा, उत्तर फ्रान्समधल्या शाम्पान्यमध्ये राहिले, ११४७ मध्ये दुसऱ्या क्रुसेडच्या (ख्रिस्ती धर्मयुद्धाच्या) वेळी जमावाने घरात घुसून मारहाण केली त्यातून कसेबसे वाचले आणि नंतर त्र्वा शहरात आले. तेफिलीन म्हणजे प्रार्थनेच्या वेळी हाताला आणि कपाळाला बांधायच्या चामडी डब्या, त्यांतल्या धर्मवचनांच्या चार चिठ्ठ्यांचा क्रम राशी एक सांगतात, हे दुसराच सांगतात, रिवाज राशीचा टिकला पण काही कट्टर भाविक आजही दोन्ही जोड वापरतात! दाराच्या चौकटीवरचा मेझुझा (धर्मवचनं लिहिलेली गुंडाळी) राशींच्या मते उभा, यांच्या मते आडवा, मग अश्केनाझी (मध्य आणि पूर्व युरोपातल्या) ज्यूंनी तो तिरकाच लावला. शिवाय त्र्वाच्या सभेत त्यांनी समाजासाठी नियम केले, उदा. आपसातला वाद एकाच बाजूने परस्पर ख्रिस्ती कोर्टात न्यायचा नाही. फक्त त्यांच्या 'सेफर हायाशार' या ग्रंथातलं वाक्य जपून वापरा, कारण त्याची संहिता आपल्यापर्यंत खूप बिघडलेल्या अवस्थेत आलीय, तोसाफोतशी ताडून बघितलेलं बरं.