चेस्टनटची बी सुकली की संपली

तुमचा प्रश्न असा: गोड चेस्टनटच्या बिया ओल्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) घालून फ्रिजमध्ये ठेवल्या, दोन महिन्यांनी पिशवी उघडली तर बऱ्याच बियांवर बुरशी, काहींना पांढरं मूळ फुटलेलं, बाकीच्या जशाच्या तशा. आता सगळं फेकायचं का, मूळ फुटलेल्या कशा लावायच्या आणि फळ कधी धरेल?

फेकू तर अजिबात नका. सालीवरची बुरशी आणि आतली कूज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकेक बी पाण्याखाली धरून धुऊन घ्या आणि अंगठ्याने दाबून पाहा. हाताला जड लागली, साल ताठ असली, तर ती जिवंत आहे असं धरून चाला. दाबल्यावर आत गेली किंवा आंबूस वास आला, तर बाजूला काढा. मन खात्री देत नसेल तर संशयित बियांपैकी एक चिरून बघा. आतला गर घट्ट आणि फिकट पिवळसर असेल तर ठीक. तपकिरी, करडा किंवा खडूसारखा भुसभुशीत असेल तर त्या बीत काही उरलेलं नाही. चांगल्या निघालेल्या, पण अजून मूळ न फुटलेल्या बिया नव्या, स्वच्छ कोकोपीटमध्ये घालून परत फ्रिजमध्ये ठेवा, जुनं परत वापरू नका.

बुरशी येण्याचं कारण बहुतेक वेळा जास्तीचं पाणी. कोकोपीट मुठीत घट्ट पिळलं तर थेंब पडता कामा नये, हाताला फक्त गारवा आणि ओल जाणवली पाहिजे. पिशवीला दोन-चार भोकं हवीत, कारण बी थंडीत झोपलेली दिसली तरी श्वास घेत असते. आठवड्या-दोन आठवड्यांनी पिशवी उघडून हवा द्या, कुजलेली बी दिसली की लगेच काढा. तापमान 1 ते 4 अंश सेल्सिअस. फ्रीझरमध्ये मात्र कधीच ठेवू नका, बी गोठली की मेली.

मुळात चेस्टनटच्या बाबतीत एकच गोष्ट मनात पक्की बसवायला हवी. धान्य किंवा कडधान्याचं बियाणं वाळवून ठेवतात, तसं हे बी वाळवून ठेवता येत नाही. झाडावरून पडते तेव्हा तिच्या वजनाचा जवळजवळ अर्धा भाग पाणी असतं आणि ते पाणी फार कमी झालं की आतला अंकुर कायमचा मरतो. उबदार खोलीत उघड्यावर थोडे दिवस राहिली तरी नुकसान सुरू होतं. खाण्यासाठी विकत आणलेल्या बिया रुजतात का, असं पुष्कळ जण विचारतात. रुजतात, पण त्या किती दिवस कोरड्या हवेत पडून होत्या यावर सगळं अवलंबून. पाण्यात टाकून तरंगतात का ते बघा. तरंगली म्हणजे साल आणि गर यांच्यामध्ये हवा शिरली आहे, एक तर सुकलीय नाही तर किडीने पोखरलीय. जराशी सुकलेली बी रात्रभर भिजवल्यावर कधीकधी बुडते, तिला एक संधी जरूर द्या.

किडीचं म्हणाल तर सालीवर सुबक गोल भोक आणि भोवती बारीक भुकटी दिसली, की चेस्टनटच्या सोंड्याची (लांब सोंडेच्या भुंगेऱ्याची) अळी आतून खाऊन बाहेर पडली. अळीवर उपाय म्हणून बिया साधारण 50 अंश सेल्सिअसच्या पाण्यात अर्धा-पाऊण तास ठेवून लगेच गार पाण्यात टाकतात. थर्मामीटर हाताशी नसेल तर हा प्रयोग करू नका, पाणी थोडं जास्त तापलं तरी अंकुर शिजतो.

आता मूळ फुटलेल्या बिया. या लगेच लावा. मूळ एक-दोन सेंटिमीटरचं असताना लावणं सोपं, पिशवीत ते वाढत गेलं की वेटोळं घेतं आणि सोडवताना मोडतं. टोक काळं पडलं असेल किंवा मोडलं असेल तरी घाबरू नका, मागून बाजूची मुळं फुटतात आणि रोप तगतं. बी आडवी ठेवा, मूळ खाली वळवा, वर दोन-तीन सेंटिमीटर माती. मूळ आणि कोंब दोन्ही बीच्या टोकदार बाजूनेच बाहेर येतात, त्यामुळे बी टोक वर करून उभी लावू नये.

यानंतर बराच काळ वर काही दिसत नाही आणि बहुतेकांचा धीर इथेच सुटतो. मूळ आधी खोल जातं, कोंब नंतर. कृपा करून उकरून बघू नका. घेवड्यासारख्या हिरव्या डाळिंब्याही वर येणार नाहीत, त्या मातीतच राहून रोपाला पोसतात. आधी लालसर दांडा येतो, त्याला बारीक खवले असतात, मग लांबट दातेरी पानं उलगडतात. मातीत हा साठा शिल्लक असतो म्हणून पहिला कोंब उंदराने खाल्ला तरी खालून दुसरा येऊ शकतो. उंदीर आणि खारी मात्र बी हमखास हुडकून काढतात, कुंडीवर बारीक तारेची जाळी घट्ट बसवा.

कुंडी रुंद नको, खोल हवी, निदान 30 सेंटिमीटर. सोटमूळ तळाला लागून गोल फिरू लागलं की पुढे झाडाचा पाया बिघडतो. कुंडी विटांवर ठेवून तळाची भोकं मोकळी ठेवली तर बाहेर डोकावणारं मूळ हवेने आपोआप थांबतं आणि बाजूला फुटवे येतात. मी याच पद्धतीचा आग्रह धरतो. माती आम्लधर्मी हवी, सामू (pH) 5 ते 6 च्या आसपास. चुना, राख, ताजं शेणखत यातलं काहीही घालू नका. पाणी क्षारांचं असेल तर पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, अशा वेळी पावसाचं पाणी वापरा. निचरा नसेल तर फायटोफ्थोरा या मुळं कुजवणाऱ्या रोगजंतूमुळे मुळं काळी पडून रोप जातं आणि त्यावर घरगुती उपाय नाही. वर्षभराने, पानं गळून रोप विसाव्याला गेलं की जमिनीत हलवा.

जागा निवडताना हात आखडता घेऊ नका. हिवाळा खरोखर थंड हवा, दिवसभर ऊन हवं आणि आजूबाजूला भरपूर मोकळं रान हवं. सिसिलीत एटना ज्वालामुखीच्या उतारावर ‘शंभर घोड्यांचं चेस्टनट’ म्हणून एक झाड आहे, त्याचा घेर 1780 मध्ये सुमारे 58 मीटर नोंदला गेला. आज ते अनेक खोडांत विभागलेलं आहे. तुमचं रोप तेवढं होणार नाही, पण भिंतीच्या कडेला लावण्यातलं हे झाड नव्हे.

फळाबद्दल स्पष्ट सांगतो. बीपासून आलेलं झाड आईसारखं फळ देईलच असं नाही आणि वाट पाहायला दहा वर्षं किंवा त्याहून जास्त लागू शकतात. स्वतःच्या परागाने झाड जवळजवळ फळत नाही, म्हणून दोन वेगळी झाडं जवळ हवीत. मोठ्या फळांच्या काही जातींच्या नर फुलांच्या तुऱ्यांत तर कामाचा परागच नसतो. फळ लवकर हवं असेल तर तुमच्या रोपांवर याच प्रजातीच्या चांगल्या झाडाची काडी घेऊन कलम करा. काडी दुसऱ्या प्रदेशातून मागवण्याआधी तिथले नियम नक्की बघा. 1904 मध्ये न्यूयॉर्कमध्ये आढळलेल्या खोड-करप्याच्या बुरशीने काही दशकांत अमेरिकेतली अब्जावधी चेस्टनटची झाडं संपवली, ती आशियातून आणलेल्या झाडांबरोबर आली होती.

आणि बिया झाडाखालून वेचलेल्या असतील तर एकदा खात्री करून घ्या. गोड चेस्टनटचं बोंड दाट, सुईसारख्या काट्यांचं असतं आणि बीच्या टोकाला छोटा तुरा असतो. हॉर्स चेस्टनट हे नावाने जवळचं पण वेगळं झाड, त्याच्या बोंडावर थोडेच जाड काटे असतात, बी गुळगुळीत आणि बिनटोकाची असते, पानं पंजासारखी असतात. ती बी विषारी आहे, मुलांच्या हाती लागू देऊ नका.