कोकणातल्या शेतकरी बायकांना बरोबरीचं स्थान द्यायचं तर सुरुवात कुठून करावी? मजुरीचं काय? आणि बचत गट पुरेसे आहेत का?

नाहीत. मी स्वतः अकरा वर्षं गटात आहे, आमसुलं नि फणसपोळी विकून मुलीची फी भरलीय, तेव्हा गटाला नावं ठेवत नाही. पण गटाच्या वहीत माझं नाव होतं आणि ज्या वाडीत रोज शिंपणं काढते तिच्या सातबाऱ्यावर नव्हतं.

३ जून २०२०, निसर्ग वादळ. आमची नारळ-पोफळीची वाडी दापोली तालुक्यात, समुद्राला लागून. हे लॉकडाऊनमुळे बोरिवलीत अडकलेले. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकींना घेऊन मी पडलेली झाडं मोजली, एकेकाला चुन्याचं बोट लावत, म्हणजे दोनदा मोजायला नको. पोफळी १८४, माड ११. पंचनाम्याला माणसं आली तेव्हा कुठली पोफळ कोणत्या साली लावली तेही मीच सांगितलं. सगळं लिहून झालं नि विचारलं, "सही कोण करणार?" म्हटलं, मी. "ताई, उताऱ्यावर तुमचं नाव कुठाय?"

नव्हतंच. उताऱ्यावर हे आणि भावोजी. (नणंदेने हक्कसोडपत्र दिलेलं, भाऊबीजेच्या साडीवर. ती वेगळीच रड.) भावोजींचं दुकान बाजारपेठेत, वाडीत ते गणपतीला येतात ते केळीची पानं कापायला. ते स्कूटरवरून आले, सही केली, चहा घेतला, गेले. जमिनीचं खातं सामाईक, म्हणून ह्यांचं संमतीपत्र घेऊन भरपाई भावोजींच्याच बँक खात्यात जमा झाली. निम्मे पैसे त्यांनी दिले, खोटं कशाला बोलू. पण दिले ते ह्यांच्या हातात, माझ्यासमोर.

तेव्हा मी नाव लावायचा विषय काढला. भावोजी म्हणाले, "वहिनी, नाव लावून पोफळी उभ्या राहणार आहेत का?"

नाही राहणार. पोफळ लावल्यावर फळ धरायला सहा-सात वर्षं जातात. ती सहा-सात वर्षं पाणी कोण घालतं, एवढंच मला विचारायचं होतं.

तर सुरुवात तलाठ्याकडून करा. लक्ष्मी मुक्ती योजना १९९२ पासून आहे: नवऱ्याने अर्ज दिला की त्याच्या जमिनीला बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं, मुद्रांक नाही, नोंदणी नाही. गावात दहा जणींना विचारा, नऊ जणींनी नाव ऐकलेलं नसतं. आणि लेकींनो, २००५ पासून हिंदू वारसा कायद्याने वडिलोपार्जित जमिनीत तुमचा भावाइतकाच हिस्सा आहे. साडी घ्या, सही करू नका.

आता अडचणीही सांगते. नवरा जिवंत हवा आणि राजी हवा, म्हणजे हक्कसुद्धा त्याच्याच मर्जीवर. आणि कोकणात एकेका उताऱ्यावर वीस-वीस नावं, तिथे आधी वाटप लागतं, तहसीलदारांकडे, जमीन महसूल कायद्याच्या कलम ८५ खाली. आमच्या वाटपाला दोन वर्षं गेली. माझं नाव लागलं त्या फेरफाराची प्रत मी पत्र्याच्या डब्यात गटाच्या वहीखाली ठेवलीय.

मजुरीबद्दलही विचारलंय तुम्ही. लावणीला बाईची मजुरी गड्यापेक्षा कमी, समान मजुरीचा कायदा १९७६ पासून असूनही. त्यावर सवडीने लिहीन.

भावोजी, हे वाचत असाल तर उत्तरेकडच्या गडग्याची मोजणी अजून बाकी आहे. फी मी भरलीय.