बेळगाव-निपाणीच्या नावांची डोमेन लिलावात लावली, ७ दिवसांत एकही बोली आली नाही. काय चुकलं?

तुम्ही लिहिलंय की बेळगाव, निपाणी, खानापूर यांच्या नावांना धंदा जोडून आठ-दहा डोमेन (म्हणजे वेबसाइटचे पत्ते) घेतली, सोबत दोन इंग्रजी शब्दांचं एक डॉट कॉम आणि एक डॉट भारत आहे. सगळी एकदम लिलावाला लावली आणि पाटी कोरी राहिली. किंमत जास्त ठेवली का, असं विचारताय. किंमत हे कारण नसावं. बाजार चुकला.

आपल्या एपीएमसीत रताळ्याच्या ढिगाजवळ चार खरेदीदार उभे असतात म्हणून भाव चढतो. एकच उभा असेल तर तो म्हणेल तो भाव. गोडॅडी ऑक्शन्ससारख्या डोमेनच्या ऑनलाइन लिलावात बोली लावणारे बहुतेक डोमेनचेच व्यापारी. ते घाऊक भावात घेतात आणि पुढे विकतात. गाव कुठलं, कुंदा म्हणजे कसली मिठाई, त्यांना ठाऊक नाही. आणि खडेबाजारातला कुंदावाला त्या साइटवर कधी फिरकत नाही. म्हणजे गावाच्या नावाला लिलावात दोन गिऱ्हाइकंसुद्धा मिळत नाहीत. तुमच्या यादीतलं लिलावाच्या लायकीचं नाव एकच, ते इंग्रजी डॉट कॉम.

त्याच्यापुरतं सांगतो. राखीव किंमत म्हणजे रिझर्व्ह ठेवलात की बोलीवाले लांब राहतात, आणि न ठेवता सोडलंत तर पहिल्याच बोलीवर जाऊ शकतं. मधला रस्ता सेडो या डोमेन विकायच्या साइटवर आहे. आधी नाव ‘ऑफर मागवा’ प्रकारात ठेवायचं. पटेल अशी ऑफर आली की ती नुसती स्वीकारायची नाही. तीच सुरुवातीची बोली धरून ७ दिवसांचा खुला लिलाव लावायचा. ऑफर देणारा त्या रकमेला बांधील राहतो, वर कुणी गेलं तर फायदा तुमचा. मात्र तुम्हीही बांधील असता. त्या रकमेला खरोखर द्यायची तयारी असेल तरच बटण दाबा. गोडॅडीवर शेवटच्या ५ मिनिटांत बोली आली की वेळ आणखी ५ मिनिटं वाढते, त्यामुळे शेवटच्या घटकेला झडप घालणाऱ्यांची धास्ती नको. वेळ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची दिसते, ती नीट मोजा: तिथले सकाळचे १० म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे साडेदहा, हिवाळ्यात साडेअकरा.

लावण्याआधी हे तपासा, कारण सौदे इथेच फिसकटतात. डॉट कॉम नवं घेतलं किंवा दुसऱ्या रजिस्ट्रारकडे (डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीकडे) हलवलं की पहिले ६० दिवस ते पुन्हा हलत नाही. मालकाचं नाव किंवा ईमेल बदललं तरी बऱ्याच रजिस्ट्रारकडे हेच ६० दिवसांचं कुलूप पडतं. ‘विकायच्या आधी माहिती नीट करून ठेवू’ म्हणून लोक जुना ईमेल बदलतात आणि पैसे भरलेला खरेदीदार दोन महिने ताटकळतो. बदलताना कुलूप नाकारायचा पर्याय दिसला तर तो आधी निवडा. विक्रीच्या साइटला मालकी सिद्ध करून दाखवायला डीएनएसमध्ये (नाव कुठे उघडतं ते सांगणाऱ्या नोंदींत) टीएक्सटी म्हणजे मजकुराची नोंद टाकावी लागते किंवा नेमसर्व्हर (त्या नोंदी ठेवणारे सर्व्हर) त्या साइटकडे वळवावे लागतात. ती नोंद सगळीकडे पोचायला एक-दोन दिवस धरा. मुदत संपायला महिनाच उरला असेल तर आधी नूतनीकरण करा, खरेदीदार तारीख बघतोच. आणि एकच नाव एका साइटवर लिलावाला, दुसरीवर ठरलेल्या किमतीला, असं कधीही ठेवू नका. दोन्हीकडे विकलं गेलं तर एकाला शब्द मोडावा लागतो, आणि खातं बंद होतं ते तुमचं.

आता गावाची नावं. आधी स्पेलिंग बघा की. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी झालं. जुनं इंग्रजी स्पेलिंग सात अक्षरांचं, शेवटी यू आणि एम. नवं आठ अक्षरांचं, शेवटी व्ही आणि आय. दुकानांच्या पाट्यांवर दोन्ही दिसतात, लोक दोन्ही टाइप करतात. निपाणीचं तसंच, कुणी एक पी लिहितं, कुणी दोन. एकच स्पेलिंग घेणाऱ्याची निम्मी गिऱ्हाइकं आणि निम्मे ईमेल चुकतात. म्हणून दोन्ही तुमच्याकडे असतील तर जोडीनेच विका, सुटं देऊ नका. दुसरं नसेल आणि मोकळं असेल तर आजच घ्या. जोडीची किंमत दुपटीहून जास्त मागता येते.

ही नावं ‘आत्ता खरेदी करा’ अशी ठरलेली किंमत लावून आफ्टरनिक या विक्रीच्या साइटवर ठेवा आणि नेमसर्व्हर तिकडे वळवा, म्हणजे नाव टाइप करणाऱ्याला विक्रीचं पान दिसेल. कमिशन साइट आणि पद्धतीप्रमाणे साधारण १० ते २५ टक्के जातं, शिवाय काही ठिकाणी किमान रक्कम ठरलेली असते. स्वस्तातल्या नावाला तीच खाऊन टाकते, तेव्हा तक्ता वाचूनच किंमत लिहा. किमतीसाठी माझं साधं माप आहे: दुकानदाराला नव्या पाटीला जेवढा खर्च येतो त्याच्या आसपास मागा. त्याच्या मनात तुलना तिच्याशीच होते.

मग विक्रीचं पान दुकानदाराला व्हॉट्सॲपवर पाठवून थेट बोला. सौदा ठरला की समोरासमोर बसा. खरेदीदाराने त्याच रजिस्ट्रारकडे स्वतःच्या ईमेलने, स्वतःच्या मोबाइलवर खातं उघडायचं. त्याने पैसे आयएमपीएसने पाठवायचे, तुम्ही बँकेच्या ॲपमध्ये जमा रक्कम बघायची (नुसता स्क्रीनशॉट नव्हे), आणि तिथल्या तिथे नाव त्याच्या खात्यात पुश करायचं, म्हणजे थेट वळतं करायचं. एकाच रजिस्ट्रारमध्ये पुश सहसा काही मिनिटांत होतं. दुसऱ्या रजिस्ट्रारकडे न्यायचं तर ऑथ कोड (हस्तांतराचा पासवर्ड) द्यावा लागतो आणि ५ ते ७ दिवस जातात. तेवढ्यात दुकानदाराला वाटतं फसलो.

एक धोका मात्र गंभीर आहे. गाव अधिक धंदा हे चालतं. पण एखाद्या दुकानाच्या किंवा ब्रँडच्या नावाचं डोमेन घेऊन त्यालाच विकायला गेलात, तर तोच तुमच्या वाईट हेतूचा पुरावा ठरतो. अशा तक्रारींच्या निवाड्याची पद्धत डॉट कॉमला यूडीआरपी, डॉट इनला आयएनडीआरपी. तक्रार टिकली की नाव फुकटात जातं. कोल्हापुरी चपलेच्या नावांपासूनही लांब राहा. तिला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, त्यात बेळगाव जिल्हा येतो, आणि नोंदणी महाराष्ट्राच्या लिडकॉम आणि कर्नाटकच्या लिडकर या चर्मोद्योग महामंडळांकडे आहे. अथणीच्या कारागिराला विकेन म्हटलं तरी वाद ओढवू शकतो.

परदेशातून चांगली ऑफर आली आणि ‘आधी या अमुक साइटचं मूल्यांकन प्रमाणपत्र आणा’ असं म्हणाले, तर संवाद तिथेच थांबवा. ती साइट त्यांचीच असते, प्रमाणपत्राचे पैसे घेऊन गायब होतात. एस्क्रोचा (सौदा पुरा होईपर्यंत पैसे मध्ये धरून ठेवणाऱ्या सेवेचा) दुवाही त्यांनी पाठवलेला उघडू नका, पत्ता स्वतः टाइप करा.

डॉलरमध्ये पैसे येणार असतील तर पॅन आणि अमेरिकी साइटसाठी डब्ल्यू-८बेन हा करासाठीचा फॉर्म आधीच भरून ठेवा. बँक पर्पज कोड (पैसे कशाचे ते सांगणारा) विचारते, तो आणि विक्रीचं ईमेल जपून ठेवा, वर्षाअखेर सीए तेच मागतो.

डॉट भारतबद्दल: देवनागरीत ते २०१४ पासून मिळतं, पण यंत्रणा आतून त्याचं ‘एक्सएन’ने सुरू होणारं अगम्य रूप वापरते, आणि अनेक ठिकाणी ते ईमेलच्या रकान्यात स्वीकारलं जात नाही. लिलावात गिऱ्हाईक नाही. जोडीच्या डॉट कॉमसोबत फुकट द्या, नाहीतर मुदत संपली की सोडून द्या.