पतसंस्थेत ठेव ठेवण्याआधी
पहिल्या पगारातली बचत जादा व्याजाच्या मोहाने पतसंस्थेत टाकू नकोस. मॅनेजर ओळखीचा असतो, पिग्मीवाला रोज दारात येतो, सगळं घरचंच वाटतं. पण तिथल्या ठेवीला डीआयसीजीसीचं, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या ठेव विमा महामंडळाचं, विमा संरक्षण नसतं. बँकेत, अगदी सहकारी बँकेतही, ते व्याजासह ५ लाखांपर्यंत मिळतं. एकाच बँकेच्या दोन शाखांत पैसे विभागलेस तरी मर्यादा तेवढीच राहते, हे नीट ध्यानात घे.

आधी सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला काढ. मग पीपीएफ (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी) खातं उघड आणि पैसे महिन्याच्या ५ तारखेच्या आत भर. उशीर झाला तर त्या रकमेवर त्या महिन्याचं व्याज बुडतं. एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडात ठरावीक हप्त्यांनी गुंतवणूक, त्यानंतर. आणि भिडेखातर कुणाला जामीन राहू नकोस, कर्ज थकलं तर वसुली तुझ्याकडूनही होते.