धारणीच्या मुलाखतीआधी

पोरी,

धारणीच्या संस्थेतल्या नोकरीसाठी मुलाखत आहे, हा तुझा मेसेज आणि सोबतचं दीड पानी उत्तर, दोन्ही वाचलं. 'या क्षेत्रात का यायचंय?' याचं उत्तर तू 'मला लहानपणापासून समाजसेवेची आवड आहे' असं सुरू केलंयस. मुलाखत घेणाऱ्यांच्या बाजूला बसून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की ते कानावर पडलं की माझा हात आपोआप चहाच्या कपाकडे जातो. ते खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण तुझ्याआधी येऊन गेलेला मुलगाही तेच बोलून गेलेला असतो.

एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या पदवीच्या, फिल्डवर्कमधली ती अंगणवाडी तू मला मागे सांगितली होतीस, आठवतं? वजनकाटा दोन महिने बंद, आणि रजिस्टरात दर महिन्याची वजनं मात्र नेमाने भरलेली. तू सेविकाताईंना विचारलंस, तेव्हा त्यांनी काट्यासाठी केलेल्या अर्जांच्या प्रती काढून दाखवल्या. तू त्यांच्यावर रागावून गेली होतीस आणि अर्ज पाहून गप्प झालीस. ते सांग. पुढे तू काय केलंस आणि काय जमलं नाही, तेही सांग. दीड पान फाडून टाक.

माझी पहिली मुलाखत अशाच आवडीपायी गेली. संस्थेचं नाव नको. बाईंनी विचारलं, 'गावात महिलांची बैठक किती वाजता घ्याल?' मी ठणकावून म्हणाले, 'सकाळी अकराला.' खोलीत कुणी हसलं नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं. अकराला बाया निंदणीला गेलेल्या असतात, हे शेतकऱ्याच्या घरात वाढून मला सुचू नये!

आता मेळघाटाचं. धारणी आणि चिखलदरा हे दोन तालुके, वस्ती मुख्यतः कोरकूंची. तुला कोरकू येत नाही, हे त्यांना अर्ज पाहूनच कळलेलं आहे. 'शिकेन' एवढं म्हणून थांबू नकोस, जाण्याआधी विचारपूस करायची दहा वाक्यं शिकून घे. दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं कामाला बाहेर पडतात आणि होळीला परततात. म्हणजे तू वर्षाचं नियोजन सांगताना 'जानेवारीत घरोघरी सर्वेक्षण' म्हणालीस, तर अर्ध्या घरांना कुलूप असेल. संस्थेचा वार्षिक अहवाल वाचताना फोटो पाहू नकोस, कुठल्या महिन्यात काय केलंय ते पाहा.

एक प्रश्न जवळपास नक्की येईल. मुलाच्या दंडाचा घेर मोजला, पट्टी लाल दाखवतेय, म्हणजे ११.५ सेंटिमीटरच्या खाली, तीव्र कुपोषण. मूल मलूल आहे आणि आई पोषण पुनर्वसन केंद्रात, म्हणजे अशा मुलांना आईसोबत ठेवून उपचार करतात तिथे, यायला तयार नाही. काय कराल? 'जनजागृती करू' हे उत्तर देऊ नकोस, हात जोडते. त्या बाईला माहिती नसते असं नाही. केंद्रात साधारण १४ दिवस राहायचं म्हणजे घरच्या दोन पोरांना जेवू कोण घालणार, तिची मजुरी कोण देणार, सासू काय म्हणणार, हे ती मोजत असते. मुलाला आधी भूमकाकडे, म्हणजे गावातल्या पारंपरिक वैद्याकडे, नेलं असेल, तर त्याला शिव्या घालून तुझं काम होणार नाही. कधी कधी त्याच्याच तोंडून 'दवाखान्यात ने' असं निघालं तर आई उठते. घरच्या पोरांना कोण पाहील, आशाताई कोण, गाडी कुठून, गावातच ग्राम बाल विकास केंद्र चालू आहे का, असं एकेक विचारत जा. आणि तरीही ती आली नाही तर? 'दुसऱ्या दिवशी पुन्हा जाईन, आणि मूल जास्त आजारी असेल तर डॉक्टरांना घेऊन जाईन', एवढंच खरं उत्तर आहे. माझ्याकडे याहून चांगलं नाही.

काही संस्था मुलाखतीच्या दिवशीच गावात नेतात. तिथे कुणी प्रश्न विचारत नाही, म्हणून पोरं सैलावतात. खरी मुलाखत तीच. सतरंजीवर बसताना तू कुठे बसलीस, सेविकेशी आधी बोललीस की सरपंचांशी, पाणी दिलं ते प्यायलीस का, फोन किती वेळा काढलास, हे सगळं कुणीतरी पाहत असतं. कार्यालयात मात्र एक्सेल देतील: तीसेक मुलांची वजनं, त्यातली दोन मुद्दाम चुकीची. एका महिन्यात चार किलो वाढलेलं बाळ दिसलं की हात वर कर.

आणि पैसा. आपल्याकडे संस्थेत पैशाविषयी बोलणं म्हणजे जणू देवळात चप्पल घालून जाणं. तू बोल. प्रकल्पाला निधी कोणाचा, हे आधी समजून घे. कंपनीच्या सीएसआरचा, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा, असेल, तर २०१३ च्या कंपनी कायद्यातून आलेला तो नफ्यातल्या २ टक्क्यांचा पैसा. असा सलग प्रकल्प सुरुवातीचं आर्थिक वर्ष सोडून फार तर ३ वर्षं चालतो, म्हणून 'आता कितवं वर्ष चालू आहे?' हा प्रश्न तुझ्या पोटाचा आहे. परदेशी निधी असेल, तर त्याच्या कायद्यात (एफसीआरए) २०२० साली झालेल्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली, आणि एका संस्थेने तो निधी दुसरीला देणंही बंद झालं. मोठ्या संस्थेच्या आधारावर चालणाऱ्या छोट्या संस्थांना त्याचा फटका बसला. हे ठाऊक असलं की पगाराचा आकडा ऐकून तू एकदम चिडणार नाहीस, आणि फसणारही नाहीस.

'मानधन' हा शब्द ऐकलास की सावध हो. त्यात मान किती आणि धन किती, ते कागदावर विचार. पीएफ कापतात का? की तुला सल्लागार दाखवून दरवर्षी नवा करार? गाडी तुझी असेल तर पेट्रोल किलोमीटरमागे किती? राहायची सोय कुठे, संध्याकाळी गावाहून उशीर झाला तर काय? अंतर्गत तक्रार समिती आहे का, तेही विचार. दहा माणसं कामाला असली की ती असावीच लागते, कामाच्या ठिकाणी बायकांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आहे. समोरच्यांचे चेहरे त्या वेळी कसे होतात, ते नीट बघून ठेव. मी हे पहिल्या दोन नोकऱ्यांत विचारलं नाही.

'सर-मॅडम' म्हणायचं की 'दादा-ताई', असं विचारलंयस. ते एकमेकांना काय हाक मारतात ते ऐक आणि तसंच म्हण.

अमरावतीहून सकाळची एसटी धर. परतवाड्याच्या पुढे सेमाडोह, हरिसाल करत जाते, घाट आहे. तुला गाडी लागते, तेव्हा खिडकीची जागा आणि आवळासुपारी. नवी चप्पल घालून जाऊ नकोस. एक दिवस आधीच पोच आणि संध्याकाळी बाजारात हिंडून ये. परत आलीस की फोन कर, दहानंतर केलास तरी चालेल.

तुझी,
ताई